शब्दांची उसनवारी

सांगलीच्या संवाद पुनर्वसन केंद्रात दर शनिवारी दुपारी आप्तवर्ग भरत असे. डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या घरच्यांसाठी हा वर्ग होता, आणि तिथे पहिल्यांदा येणारा माणूस हमखास फसायचा. खोलीतले निम्मे लोक घडाघडा बोलत असत आणि निम्मे तोंड मिटून बसलेले असत. नवा माणूस त्या गप्प बसलेल्यांकडे मोठ्या सहानुभूतीनं बघायचा. प्रत्यक्षात ते सगळे ठणठणीत असत. बोलणारे होते ते पेशंट.

विश्वजित मगदूमही पहिल्या दिवशी असाच फसला. कोपऱ्यात एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ गप्प बसले होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "काका, धीर सोडू नका. सगळं ठीक होईल."

त्यांच्या शेजारी बसलेली तरुण बाई हसली आणि म्हणाली, "सदर गृहस्थ माझे सासरे असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. आपण कृपया आसनस्थ व्हावे."

विश्वजित तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला कळलं की सासरे निवृत्त तहसीलदार होते, डोक्याला मार लागून वाचा गेली होती ती सुनेची, आणि ती या क्षणी बोलत होती सासऱ्यांच्या शब्दांत. तिचं बोलून झालं. थोड्या वेळानं सासऱ्यांनी घसा खाकरला आणि आपण होऊन सांगितलं, "माझंच आहे ते. घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी 'निदर्शनास येते की' अशी सुरुवात करते."

विश्वजित त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसला.

तो कबड्डीच्या सामन्यांचं समालोचन करायचा. इस्लामपूरपासून जयसिंगपूरपर्यंत मैदान कुठलंही असो, माइकवर मगदूम आहेत म्हटल्यावर लोक वेळेआधी येऊन जागा धरायचे. चढाई करणारा खेळाडू मधल्या रेषेवर पाय टाकायच्या आत विश्वजितचे शब्द पलीकडे पोचलेले असत. मैदानावरची सवय घरीही सुटत नसे. चहा उकळतोय इथपासून ते जगात काय चाललंय इथपर्यंत सगळ्याचं समालोचन चालू असायचं. त्याची बायको शाल्मली मूळची अकोल्याची. ती मिरजेच्या एका दंतप्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवताना बोलावं लागत नाही, आणि घरी बोलायला जागा नसायची. मुलगा नोकरीसाठी दूर गेल्यापासून घरात दोघंच होती, पण शेजाऱ्यांना आवाज एकाचाच येई.

पावसाळ्याच्या अखेरीस विश्रामबागच्या वळणावर खडीवरून शाल्मलीची स्कूटर घसरली. हेल्मेटचा पट्टा नीट लागलेला नव्हता. डोक्याच्या डाव्या बाजूला मार बसला. महिन्या-दीड महिन्यात ती चालू लागली, जेवू लागली. तिचे हातही पूर्वीसारखेच कसबी राहिले होते. समोरच्याचं सगळं बोलणं तिला कळायचं. फक्त तिला स्वतःला बोलता येत नव्हतं. हजारो शब्दांमधून तिच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'पण'. भूक लागली तरी 'पण', झोप आली तरी 'पण', आणि मुलाचा फोन आला की डोळे भरून येऊन 'पण, पण, पण'.

"असं होतं," डॉ. अफरीन मुजावर म्हणाल्या होत्या. केंद्राच्या त्या प्रमुख. "जो शब्द माणसाच्या तोंडी सगळ्यात जास्त बसलेला असतो, तो कधीकधी एकटाच वाचतो."

विश्वजितला नवल वाटलं. शाल्मलीच्या तोंडून 'पण' ऐकल्याचं त्याला आठवत नव्हतं.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी त्याला वाक्सेतू म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

"विश्वजितराव, काय बोलायचंय हे ताईंच्या डोक्यात जागच्या जागी आहे. विचार शाबूत आहे. तुटलाय तो विचारांना शब्दांत बसवणारा कारखाना. तो कपाळाच्या डाव्या बाजूमागे असतो. नवा कारखाना आम्ही बसवू शकत नाही. पण शेजाऱ्याचा वापरू शकतो."

"शेजाऱ्याचा म्हणजे?"

"तुमचा. ताईंच्या कवटीच्या आत आम्ही एक जाळी बसवू. तुमच्या कानामागे नखाएवढी पट्टी चिकटवू. ताईंच्या मनात बोलायचं आलं की तो कच्चा माल तुमच्या मेंदूकडे येईल, तिथे त्याचे शब्द होतील आणि परत जाऊन त्यांच्या जिभेवर बसतील. हे सगळं पापणी लवायच्या आत."

"मग अडचण काय आहे?" विश्वजितनं विचारलं. इतकं सोपं असतं तर डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून घेतलं नसतं, हे त्याला कळत होतं.

"पिठाच्या गिरणीत एका वेळी एकाचंच दळण पडतं," डॉक्टर म्हणाल्या. "ताई बोलत असतील तेव्हा तुमची गिरणी त्यांच्यासाठी चालू असेल. तेवढा वेळ तुम्ही मुके. ऐकू येईल, कळेल, विचारही करता येईल. शब्द मिळणार नाहीत. त्या थांबल्यावरही लगेच मिळणार नाहीत. चहा गार व्हायला लागतो तेवढा वेळ जातो. त्याला आम्ही परतवेळ म्हणतो."

"आणि आधीच्या माणसाचं पीठ पुढच्याच्या दळणात मिसळतं, तसं?"

"अगदी तसंच. विचार ताईंचे असतील, पण भाषेला चव तुमची येईल."

"आणि हे कायमचं?"

"नाही. बहुतेकांच्या बाबतीत जखमी मेंदू हे बघून बघून शिकतो. शेजारच्या निरोगी पेशी काम उचलतात. साधारण वर्षभर. तो तयार झाला की मी सेतू हळूहळू उतरवत आणते आणि न सांगता बंद करते. सांगितलं की माणसं धसका घेतात आणि पुन्हा अडखळतात." मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. "पेशंटच्या डोक्याला मार लागतो, विश्वजितराव, आणि घराला मुका मार लागतो. तो बाहेरून दिसत नाही. म्हणून आप्तवर्ग आहे. शनिवार चुकवायचा नाही."

जाळी बसवल्यानंतर सेतू पहिल्यांदा सुरू केला, तेव्हा शाल्मली पलंगावर उशीला टेकून बसली होती. विश्वजित काहीतरी सांगत होता. सांगता सांगता त्याचं वाक्य मध्येच तुटलं, पायाखालची पायरी नाहीशी व्हावी तसं. आणि समोरून शाल्मलीचा आवाज आला, "आणि अखेर, मंडळी, ज्या क्षणाची आपण सगळेच वाट बघत होतो तो क्षण आलेला आहे. मला पाणी पाहिजे."

तिनं तोंडावर हात ठेवला. मग दोघंही हसत सुटली. हसायला शब्द लागत नाहीत, त्यामुळे ते दोघांना एकाच वेळी करता आलं.

त्यानंतरचे महिने मगदूमांच्या घरात मोठे मौजेचे गेले. शाल्मलीला जे सांगायचं असेल ते समालोचकाच्या थाटात बाहेर पडायचं. दूध उतू गेलं तर ते 'बघता बघता सीमारेषा ओलांडून' जायचं. भाजीवाल्यानं जुडी कमी दिली तर त्याची 'पकड' व्हायची. आणखी एक बदल तिच्या आधी शेजारणीच्या लक्षात आला. लग्न झाल्यापासून शाल्मली नवऱ्याला 'अहो' म्हणत आली होती. आता उसन्या शब्दांबरोबर 'तू' आला. विश्वजित तिला 'तू' म्हणे, तेच 'तू' त्याच्या गिरणीतून दळून त्याच्याकडे परत येत होतं. पहिले दोन दिवस त्याला ते खटकलं, मग आवडायला लागलं.

मात्र खरी गंमत होती परतवेळेची. विश्वजितला आता मध्ये बोलता येत नव्हतं. शाल्मलीचं वाक्य तोडता येत नव्हतं, पूर्ण करता येत नव्हतं, त्यावर कडीही करता येत नव्हती. तिचं ऐकून त्याला राग आला तरी शब्द हाती येईपर्यंत राग निवून जायचा आणि मागे नुसतं तिचं म्हणणं उरायचं. त्या म्हणण्याकडे बघावंच लागायचं. समोर दुसरं काही नसायचं.

असं बघता बघता त्याला बऱ्याच गोष्टी कळल्या. शाल्मली माणसं चेहऱ्यावरून नाही, दातांवरून लक्षात ठेवायची. त्याचे पुढचे दात झिजलेत म्हणजे तो झोपेत दात खातो आणि दिवसा दाखवतो तितका निश्चिंत नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. बैठकीच्या खोलीला दिलेला जांभळा रंग तिला कधीच आवडला नव्हता. कबड्डी तिला मनापासून आवडायची, पण ती सामन्याला यायची नाही, कारण माइकचा आवाज चालू असला की तिला खेळ दिसत नसे.

"खेळ दिसत नसे म्हणजे?" शब्द परत आल्यावर त्यानं विचारलं.

"म्हणजे तू सांगतोस तेवढाच दिसतो," ती म्हणाली.

हिवाळ्यात सामन्यांचा मोसम आला आणि प्रश्न उभा राहिला. माइकवर उभं राहायचं तर त्याचे शब्द त्याला हवे होते. आप्तवर्गात डॉक्टरांनी सुचवलं की घरातल्या दुसऱ्या कुणाला पाळी द्या. सगळा भार एकाच देणाऱ्यावर पडला तर तो आधी थकतो आणि मग चिडतो. शाल्मलीचे थोरले भाऊ तेजराव गावंडे अकोल्याहून बॅग घेऊन हजर झाले. कानामागे पट्टी चिकटवून घेताना ते म्हणाले, "जावईबापू, तुमी बिनघोर जा. मी आहो न."

त्या दुपारी विश्वजित घरी आला तेव्हा शाल्मली दारात उभी होती.

"काहून असे घामेघूम झाले?" ती म्हणाली. "बसा न. मी पाणी आणतो म्हणत होता दादा, मीच आणते."

विश्वजित जागच्या जागी थांबला. लग्नात मंडपाच्या मागे मैत्रिणींशी खिदळत असलेली एक मुलगी त्याला आठवली. ती असंच बोलायची. ते बोलणं कधी बंद झालं, ते त्याला आठवेना.

तेजराव ऐकत बसले होते. त्यांचे शब्द परत आल्यावर ते हसून म्हणाले, "लहानपणी हिच्यापुढे कोणाले बोलता नाही येत होतं, जावईबापू. आमची आई म्हणे, हिले कोणी तरी जिभेचा ब्रेक लावून द्या. मंग सांगलीले आली अन् फोनवर नुसतं हूं, हूं. आमाले वाटे, पोरगी शहाणी झाली."

शाल्मलीनं भावाकडे पाहिलं. "मी अशी होते?" ती म्हणाली. तेजरावांचे शब्द पुन्हा गेल्यामुळे त्यांनी जोरजोरात मान हलवली.

पलूसच्या अंतिम सामन्यात घोटाळा झाला. दोन्ही संघ बरोबरीत होते, शेवटची चढाई चालू होती. विश्वजित रंगात आला होता, आणि मध्येच त्याचे शब्द गेले. माइकमधून नुसती खरखर येऊ लागली. लोकांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो हातानं खुणा करत होता, त्यातली एकही कुणाला कळेना. मग हळूहळू माणसं पुन्हा मैदानाकडे वळली. आवाज थांबल्यामुळे एक वेगळंच ऐकू येऊ लागलं. चढाईला गेलेल्या पोराचं दमानं, एका श्वासात चाललेलं 'कबड्डी, कबड्डी, कबड्डी', आणि मातीवर घासणारी पावलं. शेवटच्या रांगेपर्यंत ते पोचलं. विश्वजितनंही माइक खाली घेतला आणि ऐकत राहिला. इतक्या वर्षांत हा आवाज त्यानं स्वतः कधी ऐकला नव्हता की कुणाला ऐकू दिला नव्हता. पोरानं गडी टिपला आणि परत येऊन रेषेवर पडलं, तेव्हा मैदान जे उठलं ते त्याच्या कुठल्याही वाक्यावर कधी उठलं नव्हतं. संयोजक त्याला येऊन म्हणाले, "मगदूम, काय थांबलात तुम्ही. कमाल."

तो घरी पोचला तो भांडायच्या तयारीनंच. वाटेत त्यानं वाक्यं जुळवून ठेवली होती. घरी उलगडा झाला. दुपारच्या जेवणावर तेजराव आडवे झाले होते, आणि झोपलेल्या मेंदूकडून शब्द घेता येत नाहीत. सेतूनं आपण होऊन नोंदवलेला दुसरा देणारा शोधला होता, आणि विश्वजितच्या कानामागची पट्टी पलूसलाही तशीच चिकटलेली होती. त्यानं तोंड उघडायच्या आतच शाल्मली सुरू झाली.

"प्रयोगशाळेतून मालकांचा फोन होता. म्हणाले, मगदूमबाई, तुमच्या हातच्या कवळीसाठी म्हातारी माणसं थांबून राहिलीत, पण तुम्हाला जमेल का, तुमच्या मिस्टरांना विचारून सांगा. मी म्हटलं, मिस्टरांना कशाला विचारायचं, मी बोलतेय ना. आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोटात शिरून मी सोमवारपासूनची जागा खेचून आणलेली आहे."

विश्वजितची वाक्यं अर्थातच नाहीशी झाली होती. ती परत आली तेव्हा त्यातलं एकही त्याला लागलं नाही. तो एवढंच म्हणाला, "त्या वेळी शेवटची चढाई चालू होती."

"माझीपण," ती म्हणाली.

तेजराव उन्हाळ्याआधी अकोल्याला परतले. वर्ष सरलं, दिवाळी येऊन गेली. शाल्मली कामावर जात होती, आप्तवर्गात नव्या लोकांना धीर देत होती. मंडळी, आणि अखेर, वगैरे तिच्या बोलण्यातून कमी झालं होतं. वऱ्हाडी थोडं, सांगलीचं थोडं आणि बाकी कुणाचंच नाही असं काहीतरी तिच्या तोंडी आलं होतं. विश्वजितनं मोसमातले निम्मेच सामने घेतले. जे घेतले त्यांत तो मध्ये मध्ये थांबायला शिकला होता.

थंडीत एका सकाळी डॉ. मुजावरांनी दोघांना बोलावून घेतलं. त्या खुशीत दिसत होत्या, पण खुशीशी न जुळणारं काहीतरीही त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"ताई, अभिनंदन," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतःच्या शब्दांनी बोलताय. सेतू मी दिवाळीतच बंद केलाय."

शाल्मली बोलतच सुटली. मुलाला फोन, दादाला फोन, प्रयोगशाळेत पेढे. डॉक्टरांनी हळूच बोट वर करून तिला थांबवलं आणि विश्वजितकडे पाहिलं. तिघंही वाट बघत राहिली. खिडकीबाहेर कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं. शेवटी त्याचे शब्द आले.

"डॉक्टर, सेतू बंद आहे म्हणता. मग आत्ता मी मुका का होतो?"

"तेच सांगायला बोलावलंय," डॉक्टर म्हणाल्या. "ताईंचा मेंदू शिकत होता, तेव्हा तुमचाही शिकत होता. आम्ही नेहमी पेशंटकडे बघतो, देणाऱ्याकडे बघायचं राहून जातं. वर्षभर तुमच्या मेंदूनं एकच पाहिलं, की हिचा आवाज आला की आपल्याला शब्द मिळत नाहीत. मग त्यानं मागायचंच सोडून दिलं. आता तुम्हाला कुणीही अडवत नाहीये, विश्वजितराव. दार आतून लागतंय."

"उपाय?"

"आहे. उलटा सराव. महिना-दीड महिना इथे यावं लागेल. सोपं आहे, दुखत नाही. फक्त तुमची संमती लागेल."

त्याला बोलता यावं म्हणून शाल्मलीनं मुद्दामच बोलणं आवरलं होतं. आता ती जपून म्हणाली, "डॉक्टर, हे पट्टीशिवायही होऊ शकतं?"

"म्हणजे?"

"अपघाताच्या आधीचं म्हणतेय. हा बोलायला लागला की मला शब्द सुचायचे नाहीत. मनात असायचे, तोंडाशी यायचे नाहीत. मला वाटायचं, आपला स्वभावच तसा. मी तशी नव्हते, हे दादानं सांगेपर्यंत मीसुद्धा विसरले होते. तेव्हा माझ्या मेंदूचंही असंच झालं होतं का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेव्हाचं मोजमाप आपल्याकडे नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "पण 'नाही' म्हणायला मला काही कारणही दिसत नाही. आणि तसं असेल तर वाक्सेतू आम्ही शोधला, असं म्हणणं खोटं ठरेल. तो घराघरांत होताच. आम्ही त्याला फक्त पट्टी चिकटवली."

विश्वजितला काहीतरी बोलायचं होतं. ते क्षमा मागणं होतं की बचाव, हे त्याला शब्दांशिवाय ओळखता येत नव्हतं. तो थांबला. शब्द आले तेव्हा ते वेगळेच निघाले.

"मला उपचार नको, डॉक्टर. खरंच नको. जन्मभर बोललो. आता ऐकायला बरं वाटतंय. हिला बोलू दे."

शाल्मलीनं त्याच्याकडे वळून पाहिलं.

"मला हवाय याचा उपचार," ती म्हणाली. "वर्षभर मी एकटीच बोलतेय. मध्ये कुणी तोडत नाही, नाही म्हणत नाही, चूक काढत नाही. पूर्वी मला शब्द नव्हते, आता याला नाहीत. कधीतरी दोघांनाही असू देत ना. मला भांडायचंय याच्याशी, डॉक्टर. कडकडून भांडायचंय."

डॉक्टर हसल्या. "ताई, संमती त्यांचीच लागेल." मग त्या विश्वजितकडे झुकल्या. "पण तुम्हाला मी एक विचारते, आणि नीट विचार करून सांगा. हे 'नको' तुमचं आहे, की तुमच्या मेंदूला लागलेल्या सवयीचं?"

विश्वजितनं तोंड उघडलं. शाल्मलीला वाटलं आपणच त्याला जरा समजावून सांगावं, आणि ती त्याचा हात हातात घेऊन मायेनं बोलू लागली. तो तिच्याकडे बघत होता. चेहऱ्यावर समाधान होतं, डोळ्यांत हसू होतं, आणि तो नकारार्थी मान हलवत होता. ती मान नक्की कोण हलवतंय, हे त्या खोलीत कुणालाच सांगता येत नव्हतं.